हे माझे दात नाहीत

१

"हे माझे दात नाहीत," मुलगी म्हणाली आणि समितीची अख्खी खोली खो खो हसली.

टेबलावर मेणाचे सहा दात होते. प्लास्टरच्या पट्टीवर बसवलेले, वरच्या जबड्याचे समोरचे चार आणि दोन्हीकडचे सुळे. मुलगी त्यांच्याकडे बोट दाखवून बोलत होती आणि तिच्या तोंडात तिचे स्वतःचे सगळे दात शाबूत होते. त्यामुळे हसू आलं तर आलं. पण हसणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही, की पोरी, म्हणजे काय म्हणायचंय तुला? शिकल्यासवरल्या माणसांना हसण्याची घाई फार.

"तुझे तुझ्या तोंडात आहेत, बाळ," थोरले सर म्हणाले. विभागप्रमुख तेच आणि समितीचे अध्यक्षही तेच. मिशी एवढी भरघोस की ते हसले की नुसती मिशी हलायची. "हे तू कोरलेले आहेत. आणि वाईट कोरलेले आहेत. सुळा बघ कुठं जाऊन बसलाय, शेजारच्याच्या डोक्यावर! आणि हा पुढचा दात रुसून पाठ फिरवून उभा. अशी कवळी पेशंटला बसवलीस तर तो पहिल्यांदा तुला चावेल."

पुन्हा हशा.

"सर, पण हे खरंच माझे..."

"प्रात्यक्षिकाचे श्रेयांक नामंजूर. पहिल्या वर्षापासून बसायचं. उद्या दुपारच्या बैठकीत शिक्कामोर्तब. पुढचा अर्ज?"

झालं. दोन वर्षांचं शिक्षण एका वाक्यात चुलीत.

खोलीच्या कोपऱ्यात वकीलबाई बसल्या होत्या. विद्यापीठाच्या तक्रार निवारण अधिकारी. पूर्वी कोर्टात वकिली केलेली, तिथं न्यायाची वाट बघून कंटाळल्या आणि इथं आल्या. इथंही तेच बघत बसल्या होत्या. त्यांना समितीत बोलण्याचा अधिकार नव्हता, फक्त ऐकण्याचा होता. नियम मात्र त्यांना तोंडपाठ होता: एका सरकारी कॉलेजात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या सरकारी कॉलेजात, विद्यापीठात, जसेच्या तसे चालले पाहिजेत. आणि त्या नियमाला शेपूट होतं: समितीची खात्री पटल्यास. त्या शेपटानं आजवर किती पोरांना फटके दिले होते त्याची गणती नव्हती.

दात बनवण्याचा हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मुलगी दोन वर्षं आपल्या लहान गावच्या कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला इथं आली होती, कारण तिसरं वर्ष तिथं नव्हतंच. तिनं गप्पकन तोंड मिटलं आणि दाराकडे निघाली. वकीलबाईंनी कोर्टात खूप खोटी माणसं बघितली होती. खोटं बोलणारा हसं झालं की चिडतो. ही चिडली नव्हती. ही चक्रावली होती.

२

"तुला काय वाटतं?" डबा उघडता उघडता वकीलबाईंनी विचारलं.

"कशाबद्दल, ताई?" मोती म्हणाली.

मोती म्हणजे मोतीमॅडम. समितीतली सगळ्यांत तरुण प्राध्यापिका. दात असे की जाहिरातवाल्यांनी पाय धरावेत, म्हणून मुलांनीच हे नाव पाडलेलं. वकीलबाईंचे यजमान गेले तेव्हा नातेवाईक तेराव्यानंतर पांगले. मोती मात्र रोज येऊन बसायची, काही न बोलता. तेव्हापासून दोघींचा डबा एकत्र. शेवटी एक सफरचंद निम्मं निम्मं. मोती ते सुरीनं चिरायची, पातळ पातळ फोडी करायची. वकीलबाई म्हणायच्या, "असले दात देवानं मला दिले असते तर मी नारळ फोडले असते, आणि तू फोडी करत बसतेस!" त्यावर मोती हसायची, तोंडावर हात धरून. चांगल्या घरची वळणाची मुलगी, वकीलबाईंना वाटायचं.

"त्या पोरीबद्दल. तूच तिला इथं बोलावलंस ना?"

"हो. प्रवेशाच्या चौकशीला आली होती. मी म्हटलं, ये, मी आहे ना." मोतीनं उसासा टाकला. "पण दात बघितलेत ना तुम्ही? मी काय बोलणार सरांपुढं? बसेल पुन्हा आरशासमोर, शिकेल नव्यानं. दोन वर्षं म्हणजे काही जन्म नाही."

"ती म्हणते, दात तिचे नाहीत."

"मेण तर त्यांच्याच कॉलेजचं आहे. पिवळं, मधासारखं वास येणारं. आपल्याकडं पांढरं वापरतात." मोतीनं एक फोड पुढं केली. मग आवाज उतरवून म्हणाली, "बाकी आपले स्टोअरकाका विसराळू झालेत हं, ताई. पेट्या इकडच्या तिकडं करतात. मी तक्रार करणार नाही, म्हातारा माणूस आहे. पण तुम्ही बघा."

वकीलबाईंनी फोड तोंडात टाकली. गोड होती.

३

मुलगी दुपारी स्वतःहूनच आली. खुर्चीच्या कडेवर बसली, जशी सरकारी खोल्यांत गरिबाची पोरं बसतात, कुणी उठवेल म्हणून.

"नाव राहू दे. घरी काय म्हणतात?"

"खिडकी," ती म्हणाली आणि तिला नको असताना हसू आलं. समोरच्या दोन दातांमध्ये चांगली ऐसपैस फट होती. "दादानं ठेवलं. म्हणतो, हवा येते जाते, बरं आहे."

"दादा काय करतो?"

"गॅरेजमध्ये. आईवडलांच्या मागं त्यानंच वाढवलं. त्याचं लग्न माझ्यापायी अडलंय. मी म्हटलं, दादा, एकच वर्ष, मग मी दातांच्या लॅबमध्ये लागते. तो म्हणाला, एक वर्ष थांबतो. आता तीन वर्षं झाली ना! मगाशी फोनवर म्हणाला, उद्या टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव." तिनं नाक ओढलं. "रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं."

"आता सरळ सांग. 'माझे दात नाहीत' म्हणजे काय?"

"म्हणजे माझे नाहीत! माझ्या तोंडातले!" खिडकीनं ओठ वर करून दाखवले. "आमचे मास्तर पहिला संच पुस्तकात बघून करू देत नसत. प्रत्येकासमोर आरसा. स्वतःचेच दात बघायचे आणि तसेच्या तसे कोरायचे. ज्याचा दात तुटका त्यानं तुटका, ज्याचा किडका त्यानं किडका. मास्तर म्हणायचे, पुस्तकातले दात कुणाच्या तोंडात नसतात, पेशंट पुस्तकातून येत नाही. फार कडक होते. गेल्या वर्षी गेले. आमची तुकडी शेवटची."

"म्हणजे तुझ्या संचात..."

"मधोमध फट! तिच्याकडं बघून मास्तर म्हणाले होते, यातून शिट्टी वाजेल. आणि त्या टेबलावरच्या दातांना फट कुठं आहे?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. कोर्टात साक्षीदार मोडला की त्या असंच करायच्या. फक्त इथं साक्षीदार मोडला नव्हता, खटलाच फिरला होता.

"पेटी बंद करून तूच पाठवलीस?"

"स्वतःच्या हातानं."

"मेण तुमचं. पट्टी तुमच्या पद्धतीची. म्हणजे संच तुमच्याच कॉलेजातला, फक्त दुसऱ्या कुणाचा तरी." त्या सावकाश बोलत होत्या. "तुमच्या मास्तरांच्या नियमानं, तो ज्यानं कोरला त्याच्याच तोंडाचा. उजवा सुळा वर चढलेला. पुढचा एक दात फिरलेला. असं तोंड कुणाचं, तुमच्यात?"

"आमच्या तुकडीत कुणाचंच नाही."

"आणि इथं, विद्यापीठात, तुमच्या कॉलेजचं कोण आहे?"

"कुणीच नाही," खिडकी म्हणाली. "मीच पहिली."

४

पेटी ठेवली होती स्टोअरमध्ये. स्टोअरकाका म्हणजे लोखंडी कपाटांमागं स्टुलावर बसलेला एक ठसका. बोलायच्या आधी खोकला यायचा.

"किल्ली माझ्या कमरेला," ते म्हणाले. "अंघोळीलाही काढत नाही, बायको शिव्या देते."

"काका, जरा हसून दाखवा."

"ऑं? बाई, या वयात कसली थट्टा!" पण गडी खूश झाला. त्यानं तोंडात बोट घालून वरची कवळी काढली आणि तळहातावर ठेवली. "हे बघा. आपल्याच एका मुलानं बनवली, परीक्षेत. तो पास झाला, मी जेवतोय."

वकीलबाईंनी ते हास्य हवं त्याहून जास्त जवळून बघितलं आणि काकांचं नाव मनातून खोडलं. चढलेला सुळा नाही, फिरलेला दात नाही, आणि ते शिकले होते फक्त किल्ली फिरवायला.

"बैठकीआधी पेटी कुणी बघितली?"

"मोतीमॅडम आणि थोरले सर. दोघं बघतात, आधी त्या, मग सर, एकेकटे, पद्धतच आहे ती. मी कपाट उघडून देतो आणि चहाला जातो. त्यांच्यासमोर थांबलं की त्यांना वाटतं, मी पाळत ठेवतोय." मग खोकला आवरून म्हणाले, "माझ्यावर येणार आहे का हे? निवृत्तीला आलोय, बाई. आता डाग नको."

थोरले सर आपल्या खोलीत होते. भिंतीवर स्वतःचेच सत्कार.

"वकीलबाई, तुम्ही त्या पोरीची बाजू घेणार, माहीतच होतं मला. तुम्हाला तक्रारी हव्यात, नाहीतर तुमची खुर्ची कशाला!"

"खरं आहे. आणि सगळी पोरं पास झाली तर तुमची कशाला?"

सर क्षणभर बघत राहिले आणि मग मनापासून हसले. मिशी वर गेली. आतून पानानं रंगलेले, पण सैनिकांसारखे सरळ दात दिसले. वकीलबाईंना हवं ते मिळालं.

"लहान गावची कॉलेजं," सर पुढं म्हणाले, "एकाला दार उघडलं की रांग लागते. त्या कॉलेजचं मी पूर्वीही एकदा नाकारलंय. तेव्हा समितीत नवाच होतो. तिथं शिकवण्यातच खोट आहे. तेव्हाही असाच वाकडा सुळा, असाच फिरलेला दात."

वकीलबाईंच्या हातातला पेन थांबला.

"असाच?"

"असाच म्हणजे हुबेहूब. मास्तरच वाकडा, तर पोरं काय करतील?"

एका माणसानं एकच वस्तू दोनदा हातात घ्यावी, दोनदा नाकारावी, आणि ती तीच आहे हे त्याच्या डोक्यात येऊ नये! वकीलबाईंना त्यांच्या सत्कारांच्या काचा फोडाव्याशा वाटल्या.

"कोण होतं तेव्हा?"

"होती एक मुलगी. कोण लक्षात ठेवतं? रडली, बिडली. मग मुकाट पहिल्या वर्षाला बसली."

"इथंच?"

"इथंच. मग कुठं!"

म्हणजे खिडकी पहिली नव्हती. तिच्या आधी एकजण याच दारातून आत आली होती. प्रश्न एवढाच होता, की ती बाहेर कधी गेली. किंवा गेलीच नाही.

५

प्रात्यक्षिकाच्या दालनात वर्ग चालू होता. रांगेनं मुलं वाकून पांढऱ्या मेणावर कोरण्या चालवत होती. प्रत्येकासमोर एक रंगीत तक्ता: आदर्श दात, आदर्श मापं. सगळी मुलं एकच तोंड कोरत होती. कुणाचंच नसलेलं.

वकीलबाई दारात उभ्या राहिल्या. स्टोअरकाका सुटले होते. थोरल्या सरांना पोरीला नापास करायला दात बदलायची गरजच नव्हती, त्यांची लेखणी पुरेशी होती. शिवाय त्यांचं तोंड जुळत नव्हतं. उरली ती एकटीच आणि तिचं तोंड तर अजिबातच जुळत नव्हतं.

त्यांना आतून हायसं वाटलं. मोतीचे दात सगळ्या इमारतीनं बघितलेत. सरळ, एकसारखे. देवाची कृपा.

आत मोती एका मुलाच्या मागं उभी होती. तो काहीतरी चावट बोलला असावा, ती हसली. आणि हसताना तिचा डावा हात उठून तोंडावर गेला.

वकीलबाई त्या हाताकडं बघत राहिल्या.

त्यांची एक मावशी होती, वरचे दात पुढं आलेली. ती अशी हसायची. चुलतबहीण होती, काळे दात असलेली. तीही. ज्याला तोंडात काही लपवायचं असतं त्याचा हात असा उठतो. लहानपणी कुणीतरी चिडवलेलं असतं, आणि मग हात आयुष्यभर आपणहून पहारा करतो. पण जिच्या दातांवरून नाव पडलंय, तिनं काय लपवायचं? वळण म्हणे! रिकाम्या कपाटाला कुणी कुलूप लावतं का, जर त्यात पूर्वी काही ठेवलेलं नसेल तर?

आणि सफरचंदाच्या फोडी.

त्यांनी दालनभर नजर फिरवली. तक्ते होते, कोरण्या होत्या, दिवे होते. एका टेबलावरही आरसा नव्हता. या विद्यापीठात कुणी आरशासमोर बसून दात कोरत नव्हतं, कधीच नाही. ते एकाच ठिकाणी व्हायचं.

'बसेल पुन्हा आरशासमोर, शिकेल नव्यानं.'

खिडकीनं आरशाबद्दल सांगितलं ते दुपारी, डब्यानंतर. मोतीला ते आधीच कसं माहीत?

आतून मोतीनं त्यांना बघितलं आणि हात हलवला. तसाच, रोजच्यासारखा, मायेनं.

६

दुसऱ्या दिवशी डब्यांची झाकणं तशीच राहिली. वकीलबाईंनी अख्खं सफरचंद मोतीपुढं ठेवलं.

"खा."

"सुरी कुठंय, ताई?"

"आणली नाही. दातानं तोड."

"असं काय करता? मला सवय नाही."

"सवय नाही, का तार आहे?"

मोतीचा चेहरा बदलला नाही. फक्त हात उठला, तोंडाकडं गेला, आणि अर्ध्यावर थांबला. आपला हात आपल्याविरुद्ध साक्ष देतोय हे तिला तिथंच कळलं.

"सरळ केलेले दात पुन्हा हलू नयेत म्हणून मागून तार चिकटवून ठेवतात," वकीलबाई म्हणाल्या. "कडक काही तोडलं की ती सुटते. मी सकाळी दातांच्या डॉक्टरला विचारून आले. मोती, चढलेला सुळा उजवा होता ना?"

मोती बोलली तेव्हा आवाज लहान मुलीचा होता.

"मीही अशीच पेटी घेऊन आले होते, ताई. मास्तर म्हणाले होते, तुझा संच बघून ते उठून उभे राहतील. थोरले सर हसले. काल हसले ना, तसेच. मी म्हटलं, सर, हे माझे दात आहेत, मी आरशात बघून कोरलेत. तर म्हणाले, मग आधी स्वतःचे नीट करून ये."

वकीलबाईंनी सफरचंद बाजूला सरकवलं.

"दोन वर्षं मी तेच शिकले जे मला येत होतं. मागच्या बाकावर. त्यात आई गेली. परीक्षा होती, नाही जाऊ दिलं. पहिला पगार झाला आणि मी तारा बसवल्या. त्या कॉलेजचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. सर माझ्या शेजारी बसतात रोज, त्यांना आठवतसुद्धा नाही मी."

"मग हिचा हात धरायचा होतास, बाई! तुझ्याहून जास्त कुणाला कळलं असतं?"

"धरणार होते. शपथेवर सांगते. पण स्टोअरमध्ये पेटी उघडली आणि ती फट बघितली. तिनं ती झाकली नव्हती, ताई. मजेत कोरली होती, हसत हसत. मला वाटलं, हिला हे असंच मिळणार? मी जे रडून भरलं ते ही हसून नेणार? मग माझी दोन वर्षं कशाची होती? माझा जुना संच होताच त्याच कपाटात, नाकारलेल्या कामांत. तो एकदा नापास झालेला. पुन्हा होणार, खात्री होती." ती कडवट हसली. "सरांवर माझा तेवढा विश्वास आहे."

"आणि स्टोअरकाका? तो म्हातारा? त्याच्यावर ढकलत होतीस, माझ्याच हातून."



वकीलबाईंना जाणवलं, की पोरीच्या दातांहून, म्हाताऱ्याच्या डागाहूनही, त्यांना आतून जे कापत होतं ते वेगळंच होतं. यजमान गेल्यावर ही येऊन बसायची. तीच ही. काल हिनं फोड पुढं केली आणि त्याच हातानं काकांचं नावही. आणि आपण दोन्ही गिळलं. कोर्टात शत्रू समोर बसतो, काळा कोट घालून, आधी सांगून. हा शत्रू शेजारी बसून डबा खात होता आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं आपण शत्रू आहोत म्हणून. कुणावर ओरडायचं?

"तिचा संच कुठंय? वितळवलास?"

"वितळवायला घेतला होता." मोतीनं पिशवीतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हात होईना. फार सुंदर आहे. मास्तर अजून तसंच शिकवतात."

"मास्तर गेले. गेल्या वर्षी."

मोतीनं वर बघितलं. तोंड उघडं राहिलं, हात मांडीवरच राहिला, आणि वरच्या दातांच्या मागं ती बारीक तार वकीलबाईंना पहिल्यांदा दिसली. केसाएवढी. चकचकीत.

"दुपारच्या बैठकीत तू बोलणार का मी?"

मोती संच टेबलावर ठेवून उठून गेली.

७

टेबलावर दोन संच होते. खिडकी भिंतीला टेकून उभी. खाली दादाचा टेम्पो लागला होता. सामान चढवायचं का नाही, त्याला कुणी सांगत नव्हतं. मोती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, थोरल्या सरांच्या उजव्या हाताला.

"आज तक्रार लेखी आहे, त्यामुळं मला बोलायचा अधिकार आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पेटीतला संच बदलला गेला होता. फट असलेला हा मुलीचा. हवं तर तिचं तोंड शेजारी धरून बघा."

एका सदस्यानं खरंच धरून बघितलं. फट फटीला जुळली. डाव्या दाताचा एवढासा उडालेला कोपरासुद्धा मेणात होता. या खेपेला कुणी हसलं नाही.

"ठीक आहे," थोरले सर घसा खाकरत म्हणाले. "हे काम बरं आहे. म्हणजे चांगलंच आहे. श्रेयांक द्यायला हरकत नाही. बदलाबदल म्हणाल तर स्टोअरचा घोळ असणार. काकांना समज देऊ, विषय संपवू. विद्यापीठाची बदनामी नको."

वकीलबाईंनी मोतीकडं बघितलं. मोती टेबलाकडं बघत होती.

"आणि हा दुसरा संच, सर?"

"हा? हा टाकून द्या. कुणाचा का असेना, कोरीवकाम सदोष आहे. कालच बोललो मी. हाताला वळण नाही. असल्या माणसानं दातांच्या..."

"सर, हे दात माझे आहेत."

मोती उभी राहिली होती.

सर हसायला लागले. "मॅडम, तुमचे तर..."

"माझे आहेत. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, याच खोलीत. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचे नीट करून ये. केले, सर. बघा. सदोष काम नव्हतं ते. तोंडच तसं होतं. तंतोतंत कोरलं होतं मी, आणि तुम्ही दोनदा हातात घेऊन दोनदा ओळखलं नाहीत, ना दात, ना मला." तिनं वाकडा संच उचलून आपल्यापुढं ठेवला. "आणि पेटीतला संच मी बदलला. काकांनी नाही. मी."

खोलीत कुणाला कुठं बघावं कळेना. सरांची मिशी जागच्या जागी गोठली.

"लिहून घ्या," वकीलबाई लिपिकाला म्हणाल्या. "दोन्ही लिहा. यांनी संच बदलला ते. आणि त्याआधी यांचे श्रेयांक चुकीचे नाकारले तेही. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा काय ती समिती ठरवेल. दुसऱ्याची कोण ठरवणार, ते अध्यक्षांनी सांगावं."

सांगण्यासारखं अध्यक्षांकडं कधी काही नव्हतंच. होता तो फक्त नकार.

खिडकीचे श्रेयांक त्याच बैठकीत मंजूर झाले. मोतीला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ती बाहेर पडली तेव्हा खिडकी दाराशीच होती. मोती थांबली. काहीतरी ऐकायला मिळेल अशी तिची आशा असावी. मोकळं करणारं एखादं वाक्य.

"मॅडम," खिडकी म्हणाली, "मी इथं फक्त तुम्ही म्हणालात म्हणून आले होते. 'ये, मी आहे ना.'"

एवढंच बोलून ती जिना उतरली. खालून दादाचा आवाज आला, "काय गं खिडके, चढवू का उतरवू?" आणि तिचा, "उतरव!" आणि पाठोपाठ टेम्पोचं फळकूट धाडकन पडलं.

मोती वकीलबाईंकडं वळली. "ताई..."

"मॅडम म्हणा," वकीलबाई म्हणाल्या.

खोलीत परतल्यावर त्यांना दिसलं, डब्याच्या वेळचं सफरचंद टेबलावर तसंच पडलं होतं. भूक नव्हती, पण टाकून कसं द्यायचं? त्यांनी खण उघडला, सुरी काढली. आणली नाही म्हणून मघाशी खोटं बोलल्या होत्या. पातळ पातळ फोडी केल्या, सवयीनं दोन वाट्यांत घातल्या.

मग दोन वाट्या बघून सुरी खाली ठेवली.